पोटाची सक्ती

दारिद्र्य आपल्या देशाला नवे नाही, आणि दारिद्र्याविषयीची दयाही नवी नाही. तीर्थक्षेत्रांतील अन्नछत्रे, व्यापारी पेठांतील सदावर्ते, वाटेवरच्या पाणपोया आणि धर्मशाळा यांनी शतकानुशतके असंख्य भुकेल्यांना घास दिला आहे. त्या दयेचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु दयेच्या स्वरूपातच एक उणीव असते. सदावर्त चालवणाऱ्याने एखाद्या दिवशी ते बंद केले, तर दारात उभ्या असलेल्या भुकेल्याला त्याबद्दल कोणाकडेही दाद मागता येत नाही. काल मिळाले म्हणून आजही मिळालेच पाहिजे, असे तो म्हणू शकत नाही. देणाऱ्याची इच्छा हाच तेथला कायदा. घेणाऱ्याने हात पसरावा आणि मान खाली घालावी.

हक्काची गोष्ट वेगळी आहे. ज्याला हक्क आहे त्याला मागता येते. मागितलेले मिळाले नाही, तर का मिळाले नाही असे विचारता येते. आणि मिळालेल्या उत्तराने समाधान झाले नाही, तर तोच प्रश्न घेऊन जाण्यासाठी त्याला आणखी एक दार असते. अत्यंत दारिद्र्य हा मानवी हक्कांचा प्रश्न आहे असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा त्याचा व्यवहारातील अर्थ एवढाच असतो की, भुकेल्या माणसाने सदावर्ताच्या दारातून निघून कचेरीच्या, आणि वेळ पडल्यास न्यायालयाच्या, दारात येऊन उभे राहावे. ऐकायला हे सोपे वाटते. भारतात या वाटचालीस शंभराहून अधिक वर्षे लागली आणि ती अद्याप पुरी झालेली नाही. तिचे टप्पे पाहावयाचे असतील, तर दुष्काळी कामावरच्या मजुरीची हकीगत पाहावी. कारण अत्यंत दरिद्री माणसाजवळ विकण्यासारखी एकच वस्तू उरलेली असते, ती म्हणजे त्याचे श्रम. आणि त्या श्रमांना समाज व सरकार काय भाव देतात, यावरून त्याचे समाजातील स्थान नेमके कळते.

१८७६ साली दख्खनेत पाऊस पडला नाही. मुंबई इलाख्यातील सोलापूर, कलादगी, अहमदनगर, सातारा, पुणे हे जिल्हे, मद्रास इलाख्याचा मोठा भाग, म्हैसूर आणि हैदराबाद ही संस्थाने अशा विस्तीर्ण प्रदेशावर दुष्काळ पसरला. सरकारने रस्ते व तलाव यांची कामे उघडली आणि हजारो कुटुंबे त्या कामांवर जमली. याच्या तीनच वर्षे आधी, १८७३-७४ साली, बिहार-बंगालमधील टंचाईच्या वेळी सर रिचर्ड टेंपल या अधिकाऱ्याने ब्रह्मदेशातून तांदूळ आणवून लोकांना जगवले होते. त्या वेळी फारच थोडी माणसे दगावली. पण फार खर्च केला म्हणून टेंपल यांच्यावर टीकेची झोड उठली. त्यामुळे १८७७ च्या आरंभी दख्खनेतील मदतकार्याची पाहणी करण्यासाठी त्यांना पाठवण्यात आले, तेव्हा काटकसर हेच त्यांचे ब्रीद बनले होते. दिवसभर अंगमेहनत करणाऱ्या पुरुषाला एक पौंड धान्य, म्हणजे आजच्या मापाने साडेचारशे ग्रॅमच्या आसपास, आणि वर एक आणा, स्त्रियांना व मुलांना त्याहून थोडे कमी, अशी मजुरी त्यांनी सुचवली. इतिहासात ती ‘टेंपल मजुरी’ या नावाने ओळखली जाते.

एवढ्या अन्नावर दगडमातीचे काम करणारा मनुष्य जगू शकेल काय? मद्रास इलाख्याचे आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश यांनी शकणार नाही असे लेखी कळवले आणि किमान दीड पौंड धान्य व त्याबरोबर डाळ-भाजी यांची गरज मांडली. मुंबई इलाख्यात मजुरांनी आपले उत्तर वेगळ्या रीतीने दिले. १८७७ च्या आरंभी हजारो माणसे दुष्काळी कामे सोडून निघून गेली. भुकेल्यांनी भाकरीचे काम नाकारावे, ही घटना साधी नव्हती. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू उचलून धरली, ठिकठिकाणची माहिती गोळा केली आणि सरकारकडे लिहिणे चालू ठेवले. मद्रासेत पुढे मजुरी वाढवावी लागली. तोपर्यंत पुष्कळ उशीर झाला होता. या दुष्काळात नुसत्या ब्रिटिश मुलखात पन्नास लाखांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, असा अंदाज केला जातो.

टेंपल यांना क्रूर ठरवून हा विषय मिटवता येत नाही. त्यांच्या हिशेबामागे एक विचार होता आणि तो विचार पुढेही दीर्घकाळ टिकला. मदत फार आकर्षक केली, तर गरज नसलेलेही येतील. म्हणून काम कठीण ठेवावे, ठिकाण लांब ठेवावे आणि मजुरी जेमतेम जगण्यापुरती ठेवावी, म्हणजे खरा निराधार तेवढाच येईल, अशी ती विचारसरणी होती. १८८० साली सर रिचर्ड स्ट्रेची यांच्या अध्यक्षतेखालील दुष्काळ आयोगाने आपला अहवाल दिला आणि त्याच्या आधारे १८८३ पासून दुष्काळसंहिता तयार झाल्या. केव्हा चाचणी कामे उघडावीत, अन्नटंचाई कोणत्या खुणांवरून ओळखावी, कोणाला काम द्यावे व कोणाला घरबसल्या मदत द्यावी, याचे तपशीलवार नियम त्यांत होते. प्रशासनाच्या दृष्टीने ही मोठीच प्रगती होती. प्रजेला जगवणे हे सरकारचे कर्तव्य आहे, एवढे तरी कागदावर आले. पण कर्तव्य सरकारचे असले तरी हक्क प्रजेचा नव्हता. संहितेचा अंमल करावा की करू नये, हे सरकारने ठरवायचे. ज्याच्या पोटात अन्न नाही त्याने नव्हे.

या उणिवेची किंमत १९४३ साली बंगालने मोजली. बंगालसाठी दुष्काळसंहिता होती, कपाटात होती. परंतु प्रांतिक सरकारने त्या संहितेखाली दुष्काळ जाहीरच केला नाही. कलकत्त्याच्या रस्त्यांवर माणसे मरत असताना कायद्याच्या दृष्टीने दुष्काळ नव्हताच. चौकशी आयोगाने मृतांचा आकडा सुमारे पंधरा लाख धरला. पुढील अभ्यासकांचे अंदाज तीस लाखांपर्यंत जातात. अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन यांनी १९८१ साली या दुष्काळाची जी मीमांसा केली, तिचे सार असे की, अन्नाच्या एकूण साठ्यापेक्षा ते अन्न मिळवण्याची माणसाची पात्रता नाहीशी होणे हे अशा मृत्यूंचे मूळ कारण असते. शेतमजूर, कोळी, नावाडी यांच्या श्रमांना भाव उरला नाही, आणि तांदूळ बाजारात असूनही तो त्यांच्यापुरता नसल्यासारखाच झाला.

स्वातंत्र्याबरोबर या प्रश्नाची भाषा बदलली. संयुक्त राष्ट्रांनी १० डिसेंबर १९४८ रोजी मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला. त्याच्या मसुद्यात भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांचा सहभाग होता. पहिल्या कलमात पुरुषवाचक शब्दाऐवजी ‘सर्व मानव’ असा शब्दप्रयोग आला, तो त्यांच्या आग्रहामुळे. या जाहीरनाम्याच्या पंचविसाव्या कलमात अन्न, वस्त्र, निवारा, औषधोपचार यांसह पुरेशा राहणीमानाचा हक्क प्रत्येक माणसाला आहे, असे म्हटले आहे. १९६६ साली आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार झाला आणि १९७९ साली भारत त्यात सामील झाला. १९९३ साली व्हिएन्ना येथील जागतिक परिषदेने अत्यंत दारिद्र्य व सामाजिक बहिष्कृती ही मानवी प्रतिष्ठेची पायमल्ली होय, असे घोषित केले.

भारताच्या राज्यघटनेत मात्र या हक्कांना दोन निरनिराळ्या दालनांत जागा मिळाली. भाषणस्वातंत्र्य, समानता, जीवित यांचे हक्क मूलभूत ठरले आणि त्यांसाठी न्यायालयात जाता येते. काम मिळण्याचा हक्क कलम ४१ मध्ये आणि निर्वाहवेतन कलम ४३ मध्ये आले. पण ही कलमे मार्गदर्शक तत्त्वांच्या प्रकरणात आहेत, आणि ही तत्त्वे राज्यकारभारात मूलभूत असली तरी न्यायालयामार्फत अमलात आणता येणार नाहीत, असे कलम ३७ स्पष्टपणे सांगते. देश दरिद्री होता, तिजोरी रिकामी होती. सर्वांना काम देण्याचे वचन न्यायालयाच्या हवाली करण्यास घटनाकार कचरले, तर त्यात आश्चर्य नाही. तथापि, १९४९ च्या नोव्हेंबरात घटनासमितीतील समारोपाच्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी राजकीय समता आणि आर्थिक विषमता यांतील विसंगतीबद्दल जो इशारा दिला होता, तो याच दोन दालनांमधील भिंतीसंबंधीचा होता, असे म्हणता येईल.

मूलभूत हक्कांच्या दालनात एक लहानसे कलम मात्र असे होते की, त्याकडे प्रारंभी फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. ते म्हणजे कलम २३. माणसांचा व्यापार, बिगार आणि त्यासारखे सक्तीचे श्रम यांना या कलमाने मनाई केली आहे. वेठबिगार म्हणजे काय, हे महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांना समजावून सांगण्याची गरज नव्हती. पाटलाच्या, सावकाराच्या, साहेबाच्या दौऱ्याच्या कामाला फुकट राबणे पिढ्यान्‌पिढ्या चालू होते. या कलमाच्या आधारे १९७६ साली संसदेने वेठबिगारी पद्धती नष्ट करणारा कायदा केला. पण ज्याला कोणी दोरीने बांधलेले नाही, कर्जाने जखडलेले नाही, जो स्वतःच्या पायांनी चालत येऊन अपुऱ्या मजुरीवर काम पत्करतो, त्याच्यावर सक्ती झाली असे म्हणता येईल काय? या प्रश्नाचे उत्तर येण्यास १९८२ साल उजाडावे लागले.

त्यापूर्वी महाराष्ट्रात एक वेगळी वाट पडत होती. विधानपरिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ साली सांगली जिल्ह्याच्या तासगाव तालुक्यातील विसापूर परिसरात एक प्रयोग सुरू केला. जो कोणी अंगमेहनतीचे काम मागेल त्याला ते द्यावयाचे, असा त्या प्रयोगाचा साधा नियम होता. १९७१ साली पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी भारतातील दारिद्र्याचा आपला प्रसिद्ध अभ्यास प्रकाशित केला. १९६०-६१ च्या किमतींनुसार पोटापुरते अन्न मिळण्यासाठी ग्रामीण भागात माणशी वर्षाला १८० रुपये आणि शहरात २७० रुपये खर्च आवश्यक धरला, तर ग्रामीण भागातील सुमारे ४० टक्के व शहरांतील सुमारे ५० टक्के लोक त्याखाली येतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. यावर उपाय म्हणून त्यांनीही सार्वजनिक कामांची हमी सुचवली.

त्याच सुमारास महाराष्ट्रावर दुष्काळाचे सावट आले. १९७२ सालची ती आठवण मराठवाड्यातील व पश्चिम महाराष्ट्राच्या पूर्वपट्ट्यातील वृद्ध माणसांच्या तोंडून आजही ऐकू येते. खडी फोडणाऱ्या बायांच्या रांगा, पाझर तलावांची खोदाई, नालाबांध, परदेशातून आलेला तांबडा मिलो आणि मुलांना वाटली जाणारी सुकडी यांनी ते वर्ष लोकांच्या स्मरणात कोरले गेले. मे १९७३ मध्ये या कामांवरील मजुरांची संख्या पन्नास लाखांच्या घरात पोहोचली होती. १८७७ प्रमाणे माणसे गावोगाव मरून पडली नाहीत, याचे श्रेय मुख्यतः या कामांना दिले जाते. पुढे १९७७ साली विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा संमत केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत काम, न मिळाल्यास बेकारी भत्ता, आणि या खर्चासाठी शहरांतील नोकरदार व व्यावसायिक यांच्यावर व्यवसाय कर, अशी त्याची रचना होती. मुंबईतल्या पगारदाराच्या वेतनातून कापला जाणारा कर माणदेशातल्या मजुराच्या हाती मजुरी होऊन पडू लागला. दुष्काळ जाहीर होण्याची वाट पाहण्याचे कारण उरले नाही. काम मागणाऱ्याने अर्ज केला की सरकारचे कर्तव्य सुरू झाले.

काम मिळाले, तरी मजुरी किती, हा टेंपलच्या काळापासूनचा प्रश्न राहिलाच. १९८२ साली दिल्लीत आशियाई क्रीडास्पर्धांची तयारी चालू होती. उड्डाणपूल आणि क्रीडागारे यांच्या कामांवर राजस्थान, उत्तर प्रदेश, ओरिसा येथून मजूर आणले होते. त्या वेळी किमान वेतन दिवसाला ९ रुपये २५ पैसे होते. ठेकेदार ती रक्कम मजूर आणणाऱ्या जमादारांच्या, म्हणजे आपल्याकडील मुकादमांच्या, हाती देत आणि जमादार प्रत्येकामागे एक रुपया कापून घेऊन ८ रुपये २५ पैसे मजुराला देत. लोकशाही हक्कांसाठी काम करणाऱ्या एका संघटनेने हा प्रकार न्यायमूर्ती भगवती यांना पत्र लिहून कळवला आणि सर्वोच्च न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानले. प्रश्न केवळ एका रुपयाचा होता. पण त्या रुपयाच्या निमित्ताने न्यायालयाने जो विचार मांडला, तो दारिद्र्याच्या कायद्यातील एक मैलाचा दगड ठरला.

न्यायालयाच्या प्रतिपादनाचा आशय असा : सक्ती केवळ काठीची किंवा कायद्याची नसते. ज्याच्या घरी अन्न नाही, ज्याला दुसरा कोणताही पर्याय नाही, तो मनुष्य पुढे येईल ते काम मिळेल त्या भावाने पत्करतो. त्याची ती संमती खरी संमती नव्हे. भूक ही देखील एक सक्तीच आहे. म्हणून किमान वेतनाहून कमी मजुरीवर घेतलेले काम हे सक्तीचे श्रम ठरते आणि घटनेच्या कलम २३ चा भंग होतो. मजूर स्वखुशीने आला होता, हा ठेकेदारांचा शेकडो वर्षांचा बचाव या एका वाक्याने निकालात निघाला. मार्गदर्शक तत्त्वांच्या दालनात ठेवलेली भूक मूलभूत हक्कांच्या दालनात येऊन उभी राहिली.

या विचाराची खरी कसोटी पुढील काही महिन्यांतच लागली. राजस्थानातील अजमेर जिल्ह्यात मदनगंज ते हरमाडा या रस्त्याचे काम सार्वजनिक बांधकाम खात्याने दुष्काळनिवारणासाठी काढले होते. त्यावर राबणाऱ्यांत अनुसूचित जातींच्या स्त्रियांचा भरणा मोठा होता. किमान वेतन दिवसाला ७ रुपये होते. परंतु मजूर टोळ्यांत विभागलेले असत, झालेल्या कामाचे मोजमाप होऊन मजुरी ठरे, आणि अनेकींच्या हाती सात रुपये पडत नसत. तिलोनिया येथील एका सामाजिक संस्थेचे संचालक संजित रॉय यांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. राज्य सरकारचे उत्तर असे की, १९६४ च्या राज्याच्या एका कायद्याने दुष्काळी कामांना मजूरविषयक कायद्यांतून सूट दिलेली आहे. हे काम नेहमीचे नव्हे, ही तर मदत आहे. मदत घेणाऱ्याने किमान वेतनाचा आग्रह कसा धरावा?

या युक्तिवादात टेंपल यांचाच आवाज पुन्हा ऐकू येतो. मजुरी थोडी ठेवली तर तेवढ्याच पैशात अधिक माणसे जगतील, असा त्याचा सर्वांत समंजस आविष्कार आहे आणि तो सहज झटकून टाकण्यासारखा नाही. जिल्ह्याचा कारभार पाहणाऱ्या अधिकाऱ्यापुढे ठरावीक रक्कम असते आणि कामावर येणाऱ्यांची संख्या वाढत असते. अशा वेळी रक्कम अधिक हातांत वाटावी, असे त्याला वाटणे स्वाभाविक आहे. न्यायालयाने जानेवारी १९८३ मध्ये दिलेल्या निकालात त्याचे उत्तर दिले. या स्त्रिया भिक्षा घेत नाहीत. त्या रस्ता बांधत आहेत. तो रस्ता समाजाच्या उपयोगी पडणार आहे. त्यांच्या श्रमांचे फळ राज्य घेते आणि मोल देताना मात्र त्यास मदत हे नाव देते, हे चालणार नाही. लोकांच्या असहायतेचा फायदा राज्याने घेता कामा नये. न्यायमूर्ती भगवती यांनी हा निष्कर्ष कलम २३ वरून काढला, तर न्यायमूर्ती पाठक समानतेच्या कलम १४ वरून त्याच ठिकाणी पोहोचले. टेंपल मजुरीला शंभर वर्षांनंतर न्यायालयातून उत्तर मिळाले, ते असे.

न्यायालयाचा निकाल आणि मजुराचा हात यांमध्ये आणखी एक वस्तू असते. ती म्हणजे हजेरीपट. कोण किती दिवस कामावर आले, किती मोजमाप झाले, किती पैसे चुकते झाले, हे त्यावर लिहिलेले असते. न आलेल्यांची नावे, न झालेली कामे, न दिलेल्या मजुरीपुढचे अंगठे हे सर्व त्याच कागदावर राहते. आणि तो कागद पाहण्याची मुभा त्या काळी मजुराला नसे. राजस्थानातच १९९० साली स्थापन झालेल्या मजदूर किसान शक्ती संघटनेने हा कागद मागायला सुरुवात केली. १९९४ च्या डिसेंबरपासून गावांत जनसुनावण्या होऊ लागल्या. हजेरीपटावरील नावे भर सभेत वाचून दाखवली जात आणि ज्याचे नाव असेल तो उठून आपण कामावर होतो की नाही, हे सांगे. १९९६ साली बियावर येथे याच मागणीसाठी दीर्घ धरणे धरले गेले. २००५ साली संसदेने माहितीच्या अधिकाराचा कायदा केला, त्याच्या मुळाशी दुष्काळी कामावरचा हा हजेरीपट होता. अडाणी समजल्या जाणाऱ्या मजुरांनी शिकलेल्यांना हा अधिकार मिळवून दिला, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती ठरणार नाही.

अन्नाच्या बाबतीतही असेच घडले. २००१ साली राजस्थानसह अनेक भागांत दुष्काळ होता, लोक उपाशी होते आणि सरकारी गोदामांत पाच कोटी टनांच्या घरात धान्य साठलेले होते. नागरी हक्कांसाठी झटणाऱ्या एका संघटनेने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशाने न्यायालयाने शाळेतील शिजवलेले मध्यान्ह भोजन, अंत्योदय योजनेचे धान्य, निराधारांचे निवृत्तिवेतन या चालू योजनांना हक्काचे रूप दिले. योजना सरकार मागे घेऊ शकते. हक्क तसा मागे घेता येत नाही. २०१३ साली संसदेने अन्नसुरक्षेचा कायदा करून ग्रामीण भागातील ७५ टक्क्यांपर्यंत व शहरी भागातील ५० टक्क्यांपर्यंत लोकसंख्येला धान्याचा कायदेशीर हक्क दिला.

महाराष्ट्राची रोजगार हमी २००५ साली साऱ्या देशाची झाली. संसदेने ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला, २ फेब्रुवारी २००६ रोजी २०० जिल्ह्यांत त्याचा आरंभ झाला आणि एप्रिल २००८ पासून तो देशभर लागू झाला. प्रत्येक ग्रामीण कुटुंबाला वर्षातून १०० दिवस कामाचा हक्क त्याने दिला. पुढील काळात या कामांवरच्या मनुष्यदिवसांपैकी अर्ध्याहून अधिक स्त्रियांच्या वाट्याला आले. पण याच कायद्यातील एका तरतुदीने केंद्र सरकारला किमान वेतनाच्या कायद्याकडे न पाहता मजुरी ठरवण्याची मुभा दिली होती. २००९ साली मजुरी १०० रुपयांवर गोठवण्यात आली आणि काही राज्यांत ती शेतमजुराच्या किमान वेतनाहून कमी पडू लागली. १९८३ साली दारातून घालवलेली गोष्ट खिडकीतून आत आली होती. २०११ साली कर्नाटक उच्च न्यायालयाने किमान वेतन दिलेच पाहिजे असा निर्णय दिला, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या आरंभी त्यास स्थगिती देण्याचे नाकारले. तथापि, त्यामुळे मजुरीचा वाद मिटला नाही. २०२५ च्या अखेरीस संसदेने या कायद्याच्या जागी नवा कायदा संमत केला आणि हमीच्या दिवसांची संख्या १२५ केली. दिवस वाढले ही गोष्ट स्वागतार्हच. परंतु हक्काचे माप नुसत्या दिवसांच्या संख्येने होत नाही.

हे माप कशाने होते? दुष्काळसंहितेपासून आजवरच्या अनुभवातून त्याच्या तीन खुणा सांगता येतात. पहिली, मागणी कोणाच्या हाती आहे. काम केव्हा उघडायचे हे अधिकाऱ्याने ठरवावयाचे असेल, तर ती मदत होय. मजुराच्या अर्जाने ते उघडत असेल, तर तो हक्क होय. दुसरी, मोल कोणत्या मापाने ठरते. गरजू मनुष्य किती थोडक्यात राबायला तयार होईल, हे माप धरले तर १८७७ च्या एक पौंड धान्यावर येऊन पोहोचायला वेळ लागत नाही. तिसरी, नकाराला काही किंमत मोजावी लागते की नाही. काम दिले नाही, मजुरी थकली, नाव वगळले, तरी कोणालाच जाब द्यावा लागत नसेल, तर पुस्तकातला हक्क कपाटातल्या दुष्काळसंहितेसारखाच निरुपयोगी होतो.

एवढे सगळे हक्क देण्याइतका पैसा देशाजवळ आहे काय, असा प्रश्न नेहमी विचारला जातो आणि तो विचारलाही पाहिजे. हक्काचा अर्थ उद्यापासून सर्वांचे दारिद्र्य नाहीसे होईल असा कोणीच करत नाही. १९६६ च्या आंतरराष्ट्रीय करारातही उपलब्ध साधनांनुसार क्रमाक्रमाने हे हक्क पुरे करावेत, असेच म्हटले आहे. पण क्रमाक्रमाने जाणे वेगळे आणि जागेवरच उभे राहणे वेगळे. शिवाय टंचाईच्या काळात कोणाचा खर्च आधी कापायचा, हे ठरवताना हक्क असलेल्याचे नाव यादीच्या तळाशी टाकता येत नाही, एवढे बळ तरी हक्काच्या शब्दात असते. दयेच्या शब्दात ते नसते.

या साऱ्या लांबच्या वाटचालीचा शेवट एका अगदी लहान कागदापाशी येतो. २००५ च्या कायद्याखाली काम मागणाऱ्याला त्याच्या अर्जाची तारीखवार पोच देणे बंधनकारक होते. पंधरा दिवसांची मुदत त्या तारखेपासून मोजावयाची. पोच नसेल, तर भत्ताही नाही. अनेक ठिकाणी अर्ज तोंडी घेतले जात, काम निघाल्यावर त्यावर सोयीची तारीख पडे आणि पोच देण्याचे राहून जाई. त्यात कोणाचा दुष्टपणा असतोच असे नाही. कागद कमी पडतात, माणसे कमी असतात, आणि गरिबाला पोच कशाला हवी, असे सहज वाटते. पण त्या चिठोऱ्यावाचून कामासाठी आलेली बाई पुन्हा हात पसरणारी होते. ती चिठ्ठी पदराच्या गाठीला बांधून जेव्हा ती घरी जाते, तेव्हा पंधराव्या दिवशी परत येऊन विचारण्याचा अधिकार तिच्याबरोबर असतो. आणि उत्तर देण्याची जबाबदारी टेबलाच्या पलीकडे बसलेल्या माणसावर असते.